घरांतील संगणकांचें सामाईक कपाट

एका छपराखालीं राहणाऱ्या माणसांच्या वस्तूंची वाटणी कोणी सहसा कागदावर लिहून ठेवीत नाहीं. तरीहि ती सर्वांना ठाऊक असते. धान्याची कोठी, पाण्याचा माठ, दिवाणखान्यांतील वर्तमानपत्र हें सर्वांचें. आजोबांची पेटी, मुलीची रोजनिशी, सुनेचा दागिन्यांचा डबा हें ज्याचें त्याचें. कोठींत हात घालण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि पेटीला विचारल्यावांचून हात लावावयाचा नसतो. घरांत संगणक आले, एकाचे दोन व दोहोंचे तीन झाले, परंतु ही वाटणी त्यांच्याबरोबर आपोआप आली नाहीं. प्रत्येक संगणक आपापल्या खोलींत एखाद्या बेटासारखा राहिला. आणि बऱ्याच घरांत तो अद्यापहि तसाच आहे.

ह्याचा परिणाम काय होतो, तो श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या नित्याच्या अनुभवाचा असेल. वडिलांच्या संगणकावर घरपट्टीच्या पावत्या, विम्याचीं कागदपत्रें आणि वीस वर्षांचीं छायाचित्रें असतात. पलीकडच्या खोलींतील मुलीला त्यांतील एका लग्नाचीं चित्रें हवीं असतात. मग तीं चित्रें भ्रमणध्वनीवर घेऊन एखाद्या संदेशसेवेमार्फत पाठविलीं जातात. दहा हातांवर बसलेल्या माणसाकडे जाण्यासाठीं तीं प्रथम शेंकडों कोस दूर असलेल्या कोणा कंपनीच्या यंत्रांपर्यंत जातात व तेथून परत येतात. अशा सेवा सामान्यतः चित्राचा आकार कमी करून तें पाठवितात. त्यामुळें मुलीच्या हातीं येतें तें मूळ चित्र नसून त्याची बारीक केलेली प्रत असते. पडद्यावर हा फरक दिसत नाहीं. पुढें केव्हां तरी तें मोठें करून भिंतीवर लावावयाचें ठरतें तेव्हां चेहरे धूसर निघतात. आणि तोंपर्यंत “चित्रें सर्वांकडे पोंचलीं आहेत” अशा समजुतीनें मूळ प्रत पुसली गेलेली असण्याचा संभव असतो.

ह्या घोटाळ्याचें मूळ तीन निरनिराळ्या क्रिया एकच मानण्यांत आहे. एखादी फाईल दुसऱ्यास देणें, ती दुसऱ्यास दाखविणें, आणि ती जपून ठेवणें ह्या त्या तीन क्रिया होत. पत्रानें किंवा संदेशानें फाईल पाठविली म्हणजे ती दिली. तिची दुसरी प्रत तयार झाली आणि त्या दोन प्रतींचा पुढें एकमेकींशीं कांहीं संबंध राहिला नाहीं. घरच्या जाळ्यावर फोल्डर सामाईक केला म्हणजे ती दाखविली. प्रत एकच राहिली, ती पाहण्याचा अधिकार मात्र अनेकांना मिळाला. जपून ठेवणें ही तिसरीच गोष्ट असून ती पहिल्या दोहोंतून आपोआप घडत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे घरांतील संगणक एकमेकांस जोडण्याचा सारा विषय सोपा होतो.

संगणक एकमेकांस जोडण्याची जी रीत आज घरोघर रूढ आहे, तिचा जन्म मात्र घरांत झाला नाहीं. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो ह्या गांवीं झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तेथील रॉबर्ट मेटकाफ ह्या संशोधकानें १९७३ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस एक टिपण लिहून ‘ईथरनेट’ ह्या योजनेची मांडणी केली, आणि डेव्हिड बॉग्ज ह्या सहकाऱ्याच्या साह्यानें ती प्रत्यक्षांत आणली. संशोधनशाळेंतील अनेक संगणकांना एकच वेगवान मुद्रणयंत्र वापरतां यावें, ही त्यामागची एक मोठी निकड होती. प्रकाश वाहून नेणारें ‘ईथर’ नांवाचें सर्वव्यापी द्रव्य विश्वांत भरलें आहे, असें एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मानीत. तें नांव मेटकाफनें आपल्या तारेस दिलें. तार एकच, आणि बोलणारे अनेक. म्हणून नियम असा कीं, बोलण्यापूर्वीं ऐकावें. दुसरा बोलत असल्यास थांबावें. आणि दोघे एकदमच बोलूं लागले तर दोघांनींहि गप्प होऊन कमीअधिक वेळानें पुन्हां आरंभ करावा. भरलेल्या बैठकींतील सभ्य माणसांचा जो शिरस्ता, तोच येथें तारेवर आला. आजच्या तारांच्या जाळ्यांत प्रत्येक संगणकास स्वतंत्र मार्ग मिळत असल्यामुळें ह्या नियमाची गरज फारशी उरलेली नाहीं. परंतु वाय-फायच्या बिनतारी जाळ्यांत हवा सर्वांची एकच असल्यामुळें, अगोदर ऐकून मग बोलण्याची चाल अजूनहि चालूच आहे.

घरांतील ह्या जाळ्याच्या मध्यभागीं राऊटर नांवाची लहानशी पेटी असते. बहुतेक कुटुंबें तिला केवळ इंटरनेट आणून देणारें साधन समजतात. वस्तुतः तिचें दुसरें काम तितकेंच महत्त्वाचें आहे. घरांतील प्रत्येक यंत्रास ती एकेक क्रमांक देते व त्यांचें आपसांतील दळणवळण घरच्या घरांत करून देते. हे क्रमांक पुष्कळदां १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं सुरू होतात. १९९६ सालीं झालेल्या एका संकेतानुसार असे कांहीं क्रमांकांचे गट खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेवलेले आहेत. त्यामुळें तेच क्रमांक जगांतील कोट्यवधि घरांत एकाच वेळीं वापरले जात असूनहि गोंधळ होत नाहीं. जुन्या पुणेरी वाड्यांत जशा खोल्या असत, तसेंच हें आहे. ‘माडीवरची तिसरी खोली’ हा पत्ता वाड्याच्या आंत पुरेसा असतो, पण टपालवाल्यास दिंडीदरवाजा तेवढा ठाऊक असतो. राऊटर हा तो दिंडीदरवाजा होय. ह्यावरून एक गोष्ट सहज लक्षांत येईल. वाड्यांतील एका बिऱ्हाडांतून दुसऱ्या बिऱ्हाडांत वाटी द्यावयाची तर दिंडीबाहेर जावें लागत नाहीं; त्याचप्रमाणें घरांतील एका संगणकावरील फाईल दुसऱ्यावर उघडण्यास इंटरनेटची मुळींच गरज नसते. बाहेरची सेवा बंद पडली तरी राऊटरला वीज आहे तोंवर घरचा व्यवहार चालूं शकतो.

ह्या व्यवहारांत एक संगणक यजमान असतो व बाकीचे पाहुणे असतात. ज्याच्या तबकडीवर फाईल प्रत्यक्ष ठेवलेली आहे तो यजमान. तो आपल्यापैकीं एखादा फोल्डर सामाईक म्हणून जाहीर करतो, आणि पाहुणे त्याच्या दाराशीं येऊन तो मागतात. पुष्कळ घरांत पहिली तक्रार येथेंच उद्भवते. काल दिसणारा फोल्डर आज दिसत नाहीं. मग यंत्र बिघडलें अशी समजूत होते. बहुधा झालेलें असतें एवढेंच कीं, यजमान झोपीं गेलेला असतो. वीज वाचविण्यासाठीं संगणक कांहीं वेळानें निद्रावस्थेंत जातो, आणि निजलेला यजमान दार उघडीत नाहीं. ह्यासाठीं ज्या संगणकावर घरचें सामाईक कपाट ठेवावयाचें, त्याची झोपेची वेळ वाढवावी. अथवा ह्याच कामासाठीं असलेली, सतत जागी राहणारी तबकडीची वेगळी पेटी घ्यावी. दुसरी तक्रार पत्त्याची. राऊटरनें दिलेला क्रमांक कायमचा असतोच असें नाहीं. तो बदलूं शकतो. म्हणून यजमानास क्रमांकानें न हांकारतां नांवानें हांक मारणें बरें. विंडोजच्या संगणकावर फाईल पाहण्याच्या खिडकींत, वरच्या पत्त्याच्या जागीं, दोन उलट्या तिरक्या रेघा व त्यापुढें यजमानाचें नांव लिहिलें असतां त्यानें जाहीर केलेलें कपाट समोर येतें.

परंतु यजमान आणि पाहुणा यांची भाषा एक असल्यावांचून बोलणें व्हावयाचें नाहीं. घरोघरच्या संगणकांत आज जी भाषा सर्वाधिक चालते तिचें नांव एस. एम. बी. असें आहे. आय. बी. एम. कंपनींतील बॅरी फायगेनबॉम यांनीं १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तिचा पाया घातला, व पुढें मायक्रोसॉफ्टनें ती वाढविली. दुसऱ्या जातीच्या संगणकांना ही भाषा कशी येऊं लागली, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठांत अँड्र्यू ट्रिजेल नांवाचा विद्यार्थी होता. आपल्या संगणकावरून विद्यापीठांतील युनिक्स जातीच्या संगणकावरील फाईल उघडतां याव्या, एवढीच त्याची गरज होती. परंतु त्यासाठीं लागणाऱ्या भाषेचें व्याकरण त्याच्यापाशीं नव्हतें. १९९१ च्या अखेरीस त्यानें तारेवरून जाणारे संदेश टिपून घेण्याची युक्ति केली. कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर येतें हें पाहत पाहत त्यानें ती भाषा शिकून घेतली, आणि १९९२ च्या आरंभीं आपला कार्यक्रम सर्वांना खुला केला. परक्या देशांतील खाणावळींत बसून, शेजारच्या मेजावर काय मागितलें असतां काय पुढें येतें हें पाहत भाषा शिकावी, तशी ही रीत असल्याचें त्यानें स्वतःच पुढें सांगितलें आहे. त्या कार्यक्रमास नांव देतांना एस, एम व बी हीं अक्षरें ज्यांत क्रमानें येतात असा शब्द त्यानें शोधला, आणि ‘सांबा’ हें ब्राझीलच्या नृत्याचें नांव त्यास मिळालें. आज बाजारांत मिळणाऱ्या अनेक तबकडीपेट्यांच्या पोटांत हाच सांबा काम करीत असतो. ॲपलनेंहि २०१३ सालीं आपली जुनी वेगळी भाषा मागें ठेवून ह्याच भाषेस अग्रमान दिला, आणि आयफोनवरील फाईल्स ह्या ॲपमधूनहि २०१९ पासून असें कपाट उघडतां येतें. सारांश, घरांत यंत्रें निरनिराळ्या कंपन्यांचीं असलीं तरी त्यांचा आपसांत व्यवहार होण्यास भाषेची अडचण आतां राहिलेली नाहीं.

येथपर्यंत झाला तो मार्गाचा आणि भाषेचा विचार. खरा प्रश्न अधिकाराचा आहे, आणि घरांतील खटपटी पुष्कळदां तेथेंच फसतात. विंडोजच्या संगणकावर सामाईक फोल्डरास एकामागें एक अशीं दोन दारें असतात. पहिलें दार जाळ्यावरून येणाऱ्यांसाठीं असतें. त्यावर कोणास आंत घ्यावें हें लिहिलेलें असतें. दुसरें दार खुद्द तबकडीवरील फाईलीचें असतें; ती कोणी वाचावी, कोणी बदलावी हें तेथें स्वतंत्रपणें लिहिलेलें असतें. पाहुण्यास दोन्ही दारांतून जावें लागतें, आणि दोहोंपैकीं ज्या दाराचा नियम अधिक कडक असेल तोच त्यास लागूं पडतो. पहिल्या दारावर ‘सर्वांस मुभा’ असें लिहूनहि ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर येतें, त्याचें कारण दुसरें दार बंद असतें. उलटपक्षीं, दुसऱ्या दारावर बदल करण्याची मुभा असूनहि पहिल्या दारावर केवळ वाचण्याची परवानगी असेल, तर दुरून येणाऱ्यास वाचण्यापलीकडे कांहींच करतां येत नाहीं. एवढें तत्त्व समजलें म्हणजे चिडून सगळींच दारें सताड उघडीं टाकण्याचा मोह आवरतां येतो.

दारावर ओळख पटवावी लागते ती नांवानें व परवलीच्या शब्दानें. येथें दोन बारकावे सांगण्यासारखे आहेत. पुष्कळ घरांत संगणकाला परवलीचा शब्दच ठेवलेला नसतो. घरांतल्या घरांत तो कशाला, असा त्यामागें विचार असतो. परंतु रिकाम्या शब्दानें समोर बसून काम करतां आलें तरी, जाळ्यावरून येणारास विंडोज तसा प्रवेश सामान्यतः देत नाहीं. दुसरा बारकावा असा कीं, संगणक उघडतांना जो चार-सहा आंकड्यांचा पिन वापरला जातो, तो केवळ त्याच यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकावरून यजमानाच्या दारीं जातांना खात्याचा पूर्ण परवलीचा शब्दच द्यावा लागतो. ह्यासाठीं सोपा मार्ग हा कीं, यजमान संगणकावर घरच्या प्रत्येक माणसाचें स्वतंत्र खातें उघडावें आणि त्यास स्वतःचा शब्द द्यावा. सर्वांना एकच शब्द देणें हें साऱ्या बिऱ्हाडांस एकच किल्ली देण्यासारखें आहे. ती एकाकडून हरवली कीं सर्वांचींच कुलपें बदलावीं लागतात.

त्याशिवाय संगणक ज्या जाळ्यास जोडलेला आहे तें घरचें कीं परकें, हेंहि विंडोजला सांगून ठेवतां येतें. ‘खाजगी’ असें सांगितलें तर तो घरांतील इतर यंत्रांना दिसूं लागतो. ‘सार्वजनिक’ असें सांगितलें तर तो स्वतःस झांकून घेतो. घरांत पहिला पर्याय व उपाहारगृहांत किंवा विमानतळावर दुसरा, हा नियम कधींहि मोडूं नये. पाहुण्यारावळ्यांना वाय-फाय द्यावयाचें असल्यास अनेक राऊटरांत त्यासाठीं निराळें जाळें करण्याची सोय असते. तिचा उपयोग केला म्हणजे आलेल्या माणसास इंटरनेट मिळतें आणि घरचें कपाट त्याच्या दृष्टीआड राहतें. तसेंच, परगांवाहून घरचें कपाट उघडतां यावें म्हणून राऊटरमधून बाहेरच्या जगास थेट वाट करून देण्याचा सल्ला क्वचित् मिळतो; तो मुळींच ऐकूं नये. एस. एम. बी. ही घरांतील बोलण्याची भाषा आहे, रस्त्यावर ओरडण्याची नव्हे.

वेगाचाहि थोडा हिशेब पाहण्यासारखा आहे. जाळ्याचा वेग बिटांत सांगतात व फाईलीचा आकार बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो, हें विसरल्यानें पुष्कळांची निराशा होते. समजा, एका लग्नाचीं चित्रें मिळून ४ गिगाबाइट आहेत, म्हणजे ३२,००० मेगाबिट. सेकंदास १०० मेगाबिट वेगाच्या तारेवरून तीं जाण्यास किमान ३२० सेकंद, म्हणजे सव्वापांच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. १,००० मेगाबिटांच्या तारेवरून ३२ सेकंद पुरतील. प्रत्यक्षांत ह्याहून थोडा अधिक वेळ धरावा. हींच चित्रें सेकंदास २० मेगाबिट वर चढविणाऱ्या इंटरनेटवरून पाठविलीं, तर वर चढण्यासच २६ मिनिटें ४० सेकंद लागतील, आणि मग तीं पुन्हां खालीं उतरवावीं लागतील तें वेगळेंच. वाय-फायवर दोन्ही संगणक बिनतारी असतील तर प्रत्येक तुकडा हवेंतून दोनदां जातो, एकदां यजमानापासून राऊटरपर्यंत व पुन्हां तेथून पाहुण्यापर्यंत. म्हणून पेटीवर लिहिलेल्या वेगाच्या निम्म्याहूनहि कमी वेग हातीं पडला तर नवल नाहीं. यजमानास तरी तारेनें राऊटरशीं जोडलें म्हणजे ही अडचण बरीच कमी होते.

एकदां कपाट सुरू झालें म्हणजे सामाईकपणाचे नेहमींचे प्रश्न उभे राहतात. घरखर्चाचा एकच तक्ता दोघांनीं एकाच वेळीं उघडला तर काय होतें? चांगला लेखनकार्यक्रम पहिल्यानें उघडतांच फाईलीस कुलूप घालतो, आणि दुसऱ्यास ती केवळ वाचावयास देतो. ही सूचना दिसतांच दुसऱ्यानें थांबावें. आपली वेगळी प्रत करून तींत लिहीत बसल्यास थोड्याच दिवसांत घरांत दोन हिशेब होतात, आणि त्यांतील खरा कोणता हें कोणासच सांगतां येत नाहीं.

ह्याहून गंभीर गोष्ट पुसण्याची आहे. आपल्याच संगणकावरील फाईल पुसली असतां ती प्रथम कचरापेटींत जाते, व चूक ध्यानांत आल्यास तेथून परत काढतां येते. ही संवय सर्वांच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु विंडोजमध्यें दुसऱ्या संगणकावरील सामाईक फोल्डरांतील फाईल जाळ्यावरून पुसली, तर ती सामान्यतः कोणत्याच कचरापेटींत जात नाहीं. ती थेट नाहींशी होते. ‘दाखविणें’ ह्या क्रियेंत प्रत एकच असते हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां एका खोलींत बसलेल्या लहान मुलानें आपल्या पडद्यावरची गर्दी कमी करावी म्हणून एक फोल्डर पुसला, तर तो साऱ्या घरापुरता पुसला जातो. म्हणून छायाचित्रें, जन्मदाखले, घराचे करार अशा गोष्टींचा फोल्डर इतर सर्वांस केवळ वाचण्यापुरता खुला ठेवावा, आणि त्यांत भर घालण्याचा अधिकार एका जाणत्या माणसाकडे असावा. हिशेब, याद्या, मुलांचा अभ्यास ह्यांसाठीं दुसरा फोल्डर करून त्यांत सर्वांस लिहूं द्यावें. एका कपाटाचे हे दोन कप्पे प्रथमपासूनच वेगळे केले, तर पुढचे अनर्थ टळतात.

हे अनर्थ केवळ घरच्यांच्याच हातून घडतात असेंहि नाहीं. २०१७ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस ‘वॉनाक्राय’ नांवाचा एक उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. तो संगणकावरील फाईली न वाचतां येण्याजोग्या करून टाकी व त्या पूर्ववत् करण्यासाठीं खंडणी मागे. एस. एम. बी. च्या पहिल्या, जुन्या आवृत्तींतील एका दोषाचा त्यानें फायदा घेतला होता. एका संगणकांत शिरल्यावर त्याच जाळ्यावरील दुसऱ्यांत जाण्यास त्यास परवलीचा शब्द लागत नसे, किंवा कोणी चुकून एखादी फाईल उघडण्याचीहि गरज नसे. सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली, आणि इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांना हजारों रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यांत, २७ जून रोजीं, तोच दोष वापरणारा ‘नॉटपेट्या’ हा दुसरा कार्यक्रम पसरला. त्यानें मर्स्क ह्या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक निकामी केले, आणि मुंबईजवळील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या कंपनीच्या धक्क्यावरचें काम विस्कळित झालें. ह्यांतील शिकण्याची गोष्ट ही कीं, त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच, म्हणजे पहिल्या आपत्तीपूर्वीं दोन महिने, प्रसिद्ध केली होती. ज्यांनीं ती दुरुस्ती वेळेवर बसवून घेतली, त्यांच्या संगणकांत ह्या दोषाच्या वाटेनें शिरणें त्या कार्यक्रमांना शक्य नव्हतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून ती जुनी भाषा टप्प्याटप्प्यानें काढून टाकण्यास आरंभ झाला. म्हणूनच एखादी दहा-बारा वर्षांची तबकडीपेटी नव्या संगणकावरून उघडत नाहीं असें आढळल्यास, संगणकांत ती जुनी भाषा पुन्हां बसविण्याचा उपाय करूं नये; पेटींतील कार्यक्रमाची नवी आवृत्ति मिळते का तें पाहावें, आणि न मिळाल्यास पेटीच बदलावी.

अशा प्रसंगीं सामाईक कपाट संकट थोपवीत नाहीं. उलट, लिहिण्याची मुभा सर्वांस असल्यास एका खोलींतील संगणकास झालेली बाधा साऱ्या कपाटास नासवूं शकते. केवळ वाचण्याची परवानगी असलेला कप्पा पाहुण्या संगणकाच्या बाधेपासून पुष्कळ अंशीं वांचतो. पण स्वतः यजमानच बाधित झाला, अथवा त्याची तबकडी झिजून बंद पडली, तर तोहि कप्पा जातो. येथें ‘जपणें’ ही तिसरी क्रिया पुढें येते. त्यासाठीं वेगळी तबकडी घ्यावी, महिन्यांतून एकदां तरी ती यजमानास जोडून कपाटाची प्रत उतरवून घ्यावी, आणि काम होतांच ती सोडवून कपाटाबाहेर, शक्य तर घराबाहेरहि, एखाद्या विश्वासू नातलगाकडे ठेवावी. सदैव जोडून ठेवलेली तबकडी यजमानाबरोबरच बुडते. तसेंच, उतरवून घेतलेल्या प्रतींतून दोन-चार फाईली मधूनमधून उघडून पाहाव्या. न तपासलेली प्रत ऐन वेळीं उपयोगी पडेल याचा भरवसा नसतो.

सोयीचीं साधनें बदलत राहतील. विंडोजमध्यें २००९ सालीं ‘होमग्रुप’ नांवाची एक सोपी व्यवस्था आली आणि २०१८ सालीं ती काढून टाकण्यांत आली. तिच्यावरच विसंबलेल्या घरांची सारी मांडणी नव्यानें करावी लागली. परंतु यजमान कोण, दारावर काय लिहावें, आणि प्रत कोठें जपावी हे तीन प्रश्न तेव्हांहि होते व आजहि आहेत. त्यांचीं उत्तरें कोणतीहि कंपनी घराच्या वतीनें देऊं शकत नाहीं. सर्वांची खाजगी पत्रें सामाईक कपाटांत आलीं तर घरांतील मोकळेपणा जाईल. आणि सर्वच कागद एकट्या वडिलांच्या परवलीच्या शब्दामागें राहिले, तर त्यांच्या आजारपणांत विम्याच्या कागदासाठीं घरच्या मंडळींना हतबल होऊन बसावें लागेल. तेव्हां एखाद्या रविवारीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून सामाईक काय व ज्याचें त्याचें काय ह्याची यादी करावी. यजमान संगणकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून बंद पाकिटांत, जेथें घराचे इतर महत्त्वाचे कागद असतात तेथें ठेवावा. आणि पाकीट कोठें आहे हें घरांतील आणखी एका माणसास तरी सांगून ठेवावें. तारा जोडण्यास अर्धा तास पुरतो. ही यादी करण्यास कदाचित् त्याहून अधिक वेळ लागेल, पण ती झाल्यावांचून जोडलेल्या तारांचा खरा उपयोग व्हावयाचा नाहीं.